पुढे ढकललेली नवमी

बडोदे, ५ सप्टेंबर २०१०

चि. माधव,

आशीर्वाद घे आणि पत्र बसून वाच. उभ्यानं वाचलेली पत्रं तू खिशात घालतोस आणि मग ती सदऱ्याबरोबर धुतली जातात, ही नीराची जुनी तक्रार. मस्कतला तुझे कपडे कोण धुतं ते मला माहीत नाही. पण खिसे तपासणारं कोणी नाही, एवढं नक्की.

फोन असताना ताई पत्र का लिहिते, असं तू मागं विचारलंस. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस. पत्राला निदान "बरं" म्हणता येत नाही.

तुझ्या लेकीचं सांगते. मृदुलाच्या शेवटच्या वर्षाचा सिनेमा अर्ध्यावर आलाय. मी एकदा त्याला कार्टून म्हटलं, तेव्हा तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी संस्कृतच्या तासाला संधी चुकलेल्या मुलीकडे पाहते. ॲनिमेशन म्हणायचं. तर या ॲनिमेशनमध्ये एक बाई आहे, ती मेलेली आहे. तुमच्या कोयलीच्या क्वार्टरमध्ये रोज संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की ती स्वयंपाकघरात येते. खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते आणि त्या नारिंगी उजेडातच ती दिसते. तीही फक्त प्रेक्षकांना, घरातल्या कोणाला नाही. मीठ पुढे सरकवते, गॅस बारीक करते, जाते. दुसऱ्या दिवशी परत. भूत म्हणून पाहिलं तर अगदीच सोज्वळ भूत.

"माझ्या बायकोचं भूत करून चारचौघांत नाचवणार का ती?" हे तू जे फोनवर विचारलंस, ते मी तिच्यापर्यंत "बाबा सिनेमाची चौकशी करत होते" असं पोचवलं. त्यावर ती जे म्हणाली, ते तुझ्यापर्यंत "तिची तब्येत चांगली आहे" असं पोचवते. चार वर्षं मी तुम्हां बापलेकींची दुभाषी आहे; मराठीतून मराठीत. नीरा गेल्यावर पंधरवड्याच्या आत तू तिचं कपाट, भांडी, सगळं वाटून टाकलंस आणि परदेशी नोकरी धरलीस. पोरगी हॉस्टेलमधून आली ती रिकाम्या कपाटापुढे उभी राहिली. तुझी बाजू मला ठाऊक आहे, पण ती तिला सांगणं माझ्या अधिकारात नाही.

सिनेमात एक पुरुषही आहे. त्याला चेहरा नाही. दर वेळी पाठच दिसते. पण पाठ हुबेहूब तुझी, डावा खांदा किंचित उतरता. इतकी तुझी, की मी परवा पडद्याला "अरे, सरळ बस" म्हणणार होते.

पितृपक्ष जवळ आला. नवमीची काळजी करू नकोस, नेहमीप्रमाणे स्नेहलतावहिनींना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावीन. तुला शास्त्र कधीच पाठ नव्हतं म्हणून सांगते: अविधवा नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. नवरा हयात आहे तोवरच घालायची, तो गेला की बंद. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वहिनी दरवर्षी आपल्याकडे पुरण खाऊन जातात, ते एका परीनं तुझ्या प्रकृतीचं प्रमाणपत्रच. त्या दोनदा पुरण मागून घेतात, त्याअर्थी तुझी प्रकृती उत्तम असावी.

तुझी ताई,
निरुपमा


बडोदे, २५ सप्टेंबर

चि. माधव,

एक बातमी बसूनच वाचायची. तुझी सख्खी बहीण भूत झाली. म्हणजे आवाजापुरती.

मृदुलानं त्या बाईच्या आवाजासाठी तीन मुली ऐकल्या. सगळ्या रडक्या. मी रसचर्चेतलं जुनं सांगितलं की करुण रसात पात्रानं रडायचं नसतं, ते काम प्रेक्षकांवर सोपवायचं असतं. ती म्हणाली, "मग तूच कर ना, आत्या." पंचवीस वर्षं वर्गात न रडता करुण रस शिकवल्याचं हे फळ.

तिचा एक मित्र आहे, आनंद. अलकापुरीत त्याच्या काकांचा स्टुडिओ आहे, तिथं सराव केला. माझं पहिलं वाक्य ऐकून आनंद म्हणाला, "आत्या, छान आहे. पण भूत तास घेतंय असं वाटतं. थोडं कमी संस्कृत चालेल?" मी म्हटलं, "बाळ, मी मराठीच बोलत होते." तो म्हणाला, "हो, तेच."

आता गंमत पुरे. माधव, मला पोरीची काळजी वाटते. सिनेमा शेवटाशी येऊन अडलाय. तिनं शेवट काढले, खोडले, पुन्हा काढले. एकात बाई धूर होऊन जाते, एकात ज्योतीत शिरते, एकात पक्षी होते. सगळे सुंदर, आणि सगळे तिनं स्वतः टाकून दिले. दिवाळीपर्यंत काम दिलं नाही तर वर्ष जाईल. जेवणाचं म्हणशील तर ताटावर बसते आणि ताट पाहते. मी एकदा रागावून विचारलं, "अगं, एक भूत घालवायला इतके दिवस?"

तर म्हणाली, "ती गेली की सिनेमा संपेल. मग मी रोज सकाळी उठून काय काढू?"

मी तिचं ताट उचललं आणि भात पुन्हा गरम करायला ठेवला.

स्टुडिओ नेमका नवमीच्याच दिवशी मोकळा आहे. म्हणून या वर्षी नवमी पुढे ढकलते. सर्वपित्री अमावास्येला सवाष्ण जेवू घालीन. त्याला शास्त्राधार आहे, तू हरकत घेऊ नकोस. घेणार नाहीसच म्हणा, तुला अमावास्या कळते ती दिनदर्शिकेतल्या काळ्या गोळ्यावरून.

निरुपमा


बडोदे, २ ऑक्टोबर

माधव,

काल संध्याकाळी तुला मृदुलाचा फोन आला असेल. फार विचार करू नकोस. चुकून लागला असेल. सगळे ठणठणीत आहोत.

खालच्या बळवंतरावांकडून, म्हणजे वहिनींच्या यजमानांकडून, तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर काही आलं, तर न वाचता टाकून दे. त्यांनी अलीकडे ई-मेल शिकून घेतलाय.

तू जेवला होतास का, ते मात्र कळव. मलाही जाणून घ्यायचं आहे.

ताई


बडोदे, ९ ऑक्टोबर

चि. माधव,

न वाचता टाकून दे म्हटलं की तू हमखास वाचणार, हे मी कसं विसरले? तुझा परवाचा फोन आला, त्यात "बरं" एकदाही नव्हतं. म्हणजे बळवंतरावांचा शोकसंदेश तुझ्या साहेबांनी तुलाच आणून दिला तर. "कर्तव्यदक्ष, मितभाषी आणि बडोद्याचं भूषण." आपल्याविषयी बळवंतराव इतकं चांगलं बोलू शकतात, हे जिवंतपणी कळणारा तू या आळीतला पहिलाच.

फोनवर मी तुला सांगितलं की वहिनींचा गैरसमज झाला. तेवढ्यावर भागवायचा विचार होता. पण तू विचारलंस, "ताई, ती रडत होती का?" म्हणून सगळं लिहिते.

नवमीच्या दिवशी सकाळी मी आणि मृदुला स्टुडिओत गेलो. दुपारनंतर माझे नुसते उसासे घ्यायचे राहिले होते, त्यासाठी तिची गरज नव्हती. ती चित्रं काढायला घरी परतली. माझा मोबाइल आनंदनं बंद करायला लावलेला.

इकडे स्नेहलतावहिनी सकाळपासून बोलावण्याची वाट पाहत होत्या. न्हाऊन, नवी साडी नेसून. बारा वाजले, एक वाजला. आमच्या घराला कुलूप, पुरणाचा वास नाही, निरोप नाही. अमावास्येच्या सवडीला शास्त्राधार होता, हे मी तुला लिहिलं. पण शास्त्राला खालच्या मजल्यावर जाऊन निरोप देता येत नाही, तो मीच द्यायला हवा होता. वहिनींनी आपल्या परीनं चोख तर्क चालवला. निरुताई विसरणाऱ्यातल्या नाहीत. नवमी घातली नाही, त्याअर्थी नवमी संपली. नवमी संपली, त्याअर्थी माधवराव गेले. न्यायशास्त्राच्या परीक्षेत मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

त्यांनी साडी बदलली, पिठलं-भात केला, आणि मृदुला जिना चढताना दिसली तशा डबा घेऊन वर आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारून जातो तसला डबा. पोरीला त्या डब्याचा अर्थ ठाऊक आहे. नीराच्या वेळी असेच डबे आले होते.

"कोण गेलं, काकू?"

"तुझ्या आत्यानं तुला सांगितलं नाही वाटतं. राहू दे. दोन घास खाऊन घे."

"काकू, कोण?"

"नवमी बंद झाली ना गं. म्हणजे आता तुझे बाबा…"

मी रिक्षातून उतरले तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या काशीबेननं माझा हात धरला. "बहु खोटुं थयुं, बेन." फार वाईट झालं म्हणे. मला वाटलं भाव वाढले असतील. मग जिना चढले. आमच्या दाराबाहेर चपला, माधव. दोन्ही बाजूंनी, पायरीपर्यंत चपला. आत कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

तेव्हा तुझं नाव माझ्या मनातही आलं नाही. घरात मी मृदुलाला एकटी ठेवून गेले होते. न जेवणारी, ताटाकडे बघत बसणारी. त्या चपलांमध्ये मी तिच्या चपला शोधायला लागले. का, ते मला विचारू नकोस. सापडल्या. त्यातूनही काही सिद्ध होत नव्हतं.

आत गेले तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, कानाला फोन. मी भिंतीला टेकले. बळवंतराव खुर्चीतून उठले, खुर्ची मला दिली आणि हात जोडून म्हणाले, "धीर धरा, निरुताई."

"कोणासाठी?" मी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोण गेलं हे घरातल्या माणसानं शेजाऱ्यांना विचारावं, असा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आला नसावा. शेवटी वहिनींनी नवमीचं सांगितलं. मी अमावास्येचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, पुढे ढकलता येते?" बळवंतराव बायकोकडे बघत राहिले. ई-मेल जाऊन चुकला होता.

मी मृदुलाला म्हटलं, "अगं, काही झालेलं नाही. बाबा धडधाकट आहेत."

तिनं फोन कानावरून काढला नाही. म्हणाली, "आई गेली तेव्हाही तू फोनवर हेच म्हणाली होतीस, आत्या. पेपर होईपर्यंत."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते माहिती म्हणून सांगितलं. माझ्या शब्दाला या बाबतीत या घरात किंमत नाही, एवढंच. तू प्लँटमध्ये होतास, फोन लॉकरमध्ये असणार. पण ते तिला कुठं ठाऊक? ती लावत होती, वाजून बंद होत होता, पुन्हा लावत होती. चार वर्षांत ज्या नंबरला तिनं बोट लावलं नाही, तो तिला पाठ होता. हे मला त्या दिवशी कळलं. कोणी उठून जाईना. जिवंत माणसाच्या बैठकीतून कधी उठायचं, याचा रिवाज नाही.

आणि मग तू उचललास.

खोली इतकी शांत होती की तुझा "हॅलो" मला खुर्चीपर्यंत ऐकू आला. तू पुन्हा हॅलो म्हणालास, मग "मृदुला?" म्हणालास. त्यावर ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?" तुझं उत्तर मला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि तिथंच दारात खाली बसली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फोनवर रडत नव्हती. ठेवल्यावर रडली. नीरा गेल्यावर घरी आली तेव्हा ती रडली नव्हती, तुला आठवत असेल. सगळ्यांना चहा करून देत होती. या वेळी चहा वहिनींनी केला. बापाचं नाव घेऊन रडत होती की आईचं, ते मला नीट कळलं नाही, तिलाही कळलं असेल असं वाटत नाही. आळीतल्या निम्म्या लोकांसमोर मोठमोठ्यानं, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. बळवंतराव खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि नाक शिंकरत म्हणाले, "माणूस जिवंत आहे म्हणून एवढं रडताना मी पहिल्यांदाच बघतोय."

मग तिनं तोंड धुतलं आणि तो डबा उघडला. पिठलं-भात सगळा खाल्ला, माधव. सगळा. वरून मला म्हणाली, "काकूंचं पिठलं तुझ्यापेक्षा चांगलं असतं." वहिनी अवघडून हसल्या. सुतकाचं अन्न इतक्या भुकेनं खाल्लेलं त्यांनीही पाहिलं नसेल. मी सुखावले. माझ्या पिठल्याचा अपमान मी असा कधी सहन केलेला नाही.

अमावास्येला वहिनी जेवायला आल्या. पुरण त्यांनी तीनदा घेतलं. तू दीर्घायुषी होणार, यात मला आता शंका नाही.

तिला तू स्वतः फोन कर. ती करणार नाही, लाजली आहे. काय बोलायचं ते मला विचारू नकोस. आणि मला काही सांगून तिला पोचवायला लावू नकोस. मी या नोकरीचा राजीनामा देते आहे.

ताई


बडोदे, १२ नोव्हेंबर

चि. माधव,

भाऊबीजेची साडी पोचली. रंग असा आहे की मी ती नेसून वर्गात गेले तर मुली उभ्याच राहणार नाहीत, आधी खात्री करून घेतील. तरी नेसणार आहे.

तू मृदुलाला केलेला पहिला फोन मी ऐकला. ऐकला म्हणजे, मी मेथी निवडत होते आणि मेथी गॅलरीत निवडता येत असताना मी ती आतल्या खोलीत निवडत होते. तुझं काही ऐकू येत नव्हतं, तिचं तेवढं कानावर पडत होतं. आधी नुसतं "हं". मग "पण मला विचारायचं तरी, बाबा." आणि मग अगदी हळू, "हो. मलाही यायचा. मी दार उघडलं की यायचा. मला तर तो हवा होता." तेव्हा मी मेथी उचलून गॅलरीत गेले. नीराच्या कपाटाचा वास. तुला सहन होत नव्हता, तिला तेवढाच उरला होता. तू ते चार वर्षांपूर्वी मला सांगितलंस, ते तिला आता सांगितलंस. मस्कतचं टपाल उशिराच येतं.

सिनेमा पुरा झाला. दिवाळीच्या आधी दिला. परवा तिच्या कॉलेजात दाखवला. शेवट कसा केला ते तुला ती सांगेलच, पण तिच्याआधी मी सांगितलं नाही तर मी कसली ताई?

कुकरची शिट्टी होते. ज्योत आहे, बाई आहे. मीठ सरकवते. पुरुष नेहमीसारखा पाठ करून टेबलाशी बसलेला. आणि तो वळतो. तोंड तुझं आहे. तू पाठवलेला फोटो हेल्मेटमधला होता, त्यामुळे कपाळ तिनं अंदाजानं काढलंय आणि तुझ्यावर थोडे जास्त केस आले आहेत. तक्रार करू नकोस. त्याला बाई दिसत नाही. त्याला दारात उभी असलेली मुलगी दिसते. तो म्हणतो, "जेवलीस का?" मुलगी म्हणते, "नाही अजून." तो उठून दुसरं ताट घेतो. दोघं बसतात. बाई थोडा वेळ बघते, कोणाला काय हवंय का असं. आमटी तोच वाढतो, थोडी सांडतो. ती हात पुढे करते आणि मागे घेते. मग पदराला हात पुसते आणि दारातून चालत निघून जाते. धूर नाही, पक्षी नाही. काम झालं की बाई स्वयंपाकघरातून बाहेर पडते, तशी. आणि दोघं जेवत राहतात.

दिवे लागले तरी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मृदुला घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी मागं वळून पाहिलं तर सगळे डोळे पुसत होते, हात मोकळे झाल्यावर वाजवल्या. तिच्या एका मास्तरांनी मला विचारलं, "आवाज कोणाचा? फार संयत आहे." आनंद म्हणाला, "सर, मूळ फार कडक होता. आम्ही बराच कापला."

घरी येताना रिक्षात मी तिला विचारलं, "आता उद्या सकाळी उठून काय काढणार?"

"उद्या झोपणार आहे," ती म्हणाली. "परवाचं परवा बघू."

आणि खरंच झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं गॅलरीत आली तरी उठली नव्हती. मी दार लोटून पाहिलं. पांघरूण अर्धं जमिनीवर, तोंड उघडं, टेबलावर एक कागदही नाही. इतकी बेशिस्त झोप मी त्या खोलीत चार वर्षांत पाहिली नव्हती. दार आवाज न करता लावलं आणि बाहेर चहा घेत बसले.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. तू म्हणालास, "मृदुला आहे का?"

मी कशी आहे, गुडघा कसा आहे, काही विचारलं नाहीस. मी म्हटलं, झोपली आहे. तू म्हणालास, "झोपू दे मग. मी तिला संध्याकाळी करीन," आणि ठेवलास.

माझा चहा गरमच होता. निवांत प्यायले.

तुझी ताई,
निरुपमा